कम्युटेटर गोळा केले की उपगट होतोच असं नाही

आज वर्गात पुन्हा तेच वाक्य आलं: कम्युटेटर उपगट म्हणजे गटातल्या (ग्रुपमधल्या) सगळ्या कम्युटेटरांचा, म्हणजे [ग,ह] = ग⁻¹ह⁻¹गह अशा घटकांचा, संच. नाही! तो त्या संचाने जनित झालेला उपगट, म्हणजे कम्युटेटरांच्या गुणाकारांतून मिळणारं सगळं. दोन कम्युटेटरांचा गुणाकार कम्युटेटर असेलच असं नाही. छोट्या गटांत हे दिसत नाही, म्हणून गैरसमज टिकतो. पहिलं प्रतिउदाहरण थेट ऑर्डर 96 ला, म्हणजे 96 घटकांच्या गटात, मिळतं, आणि ते हाताने तपासण्यात खरी मजा आहे.

32 घटकांचा गट घ्या. जनक अ आणि ब; अ², ब² आणि क = [अ,ब] केंद्रात (म्हणजे गुणाकारात कोणाशीही क्रम बदलला तरी चालतो), प्रत्येकाची ऑर्डर 2 (वर्ग केला की 1), तिन्ही स्वतंत्र. त्यावर ऑर्डर 3 चा त बसवा (अर्ध-सरळ गुणाकार), की 32×3 = 96 घटक झाले; त ने संयुग्मन केलं की अ→ब→(अब)⁻¹→अ. (इथे नुसतं अब लिहिलंत तर त ची ऑर्डर 3 राहत नाही. हमखास होणारी चूक.)

आता कम्युटेटर उपगट म्हणजे तेच 32 घटक. केंद्राबाहेरचे 24 सगळे कम्युटेटर आहेत. केंद्रातल्या 8 पैकी मात्र फक्त 5: 1, क, अ²ब², अ²क, ब²क. एकूण 29. अ², ब² आणि (अब)² राहून जातात, जरी अ² = क·(अ²क) असा दोन कम्युटेटरांचा सरळ गुणाकार असला तरी!

गॅपमध्ये (GAP, गटांची आकडेमोड करणारी संगणक प्रणाली) डेराइव्हड सबग्रुपची, म्हणजे कम्युटेटर उपगटाची, आज्ञा 32 च सांगेल; 29 पाहायचे तर 96×96 = 9216 जोड्या फिरवाव्या लागतात.

अनाबेली (जिथे गुणाकाराचा क्रम महत्त्वाचा असतो अशा) साध्या (सिंपल, म्हणजे 1 आणि स्वतः सोडून प्रसामान्य उपगट नसलेल्या) सांत गटांत मात्र प्रत्येक घटक कम्युटेटर असतो. गणितज्ञ ओर यांचं हे 1951 चं अनुमान 2010 मध्ये लीबेक, ओब्रायन, शालेव्ह आणि टीप यांनी सिद्ध केलं.