हिप्परग्याच्या काठावरची टोपी

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ अंशांकडे सरकू लागला की, सुट्टीत गावाला किंवा थंड हवेच्या ठिकाणी न गेलेली कुटुंबे मुलांना कुठे न्यावे, असे विचारू लागतात. अशा कुटुंबांना रविवारी सकाळी निसर्ग दाखवायला नेणे हे गेली आठ वर्षे माझे काम आहे. कधी सिद्धेश्वर तलावाचा काठ आणि किल्ल्यालगतची बाग, कधी स्मृती उद्यान आणि त्याच्या जवळचा संभाजी तलाव, आणि मंडळी जरा दमदार असतील तर माळढोकसाठी राखलेले नान्नजचे माळरान, जिथे सगळे माळढोक विचारतात आणि काळवीट पाहून परततात. सहल साडेपाचला सुरू होऊन साडेआठला संपते, कारण त्यानंतर मुलेही सावली शोधतात आणि पक्षीही. न दिसणारे काम आदल्या संध्याकाळी होते. मी एकटी जाऊन वाट पाहून येते, कुसळे कुठे दाट आहेत ते हेरते, कारण एका मुलाच्या मोज्यांतली कुसळे काढण्यात अख्ख्या गटाची अर्धी सकाळ जाऊ शकते.

त्या शनिवारी मी हिप्परगा तलावावर गेले होते. आदिला नदीवर ब्रिटिशांच्या काळात बांधलेला हा तलाव उन्हाळ्यात मागे सरतो आणि मोकळ्या पडलेल्या खडकाळ पट्ट्यावर टिटव्या अंडी घालतात. तिथे मला खळगी सापडली. तिला घरटे म्हणणेही अतिशयोक्ती होईल. वीतभर रुंदीचा खोलगट भाग, कडेला बारीक खडे आणि शेळ्यांच्या वाळक्या लेंड्या, आणि आत चार अंडी, निमुळती टोके मधोमध जुळवून ठेवलेली. मातकट रंगावर काळे डाग असे बेमालूम की, दोन पावले मागे सरले तर पुन्हा शोधावी लागतात. मला ती पाच मिनिटांत दिसली याचा अभिमान वाटला, हे मान्य केले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्या अभिमानातून घडले.

सहलीच्या आयोजकांना मी पंधराच माणसे घ्या, असे दरवर्षी सांगते. त्या रविवारी चौतीस आली. पैसे भरलेल्यांना नाही कसे म्हणायचे, हा त्यांचा प्रश्न असतो, आणि चौतीस जणांना एकाच वेळी गप्प कसे बसवायचे, हा माझा. थव्याने बसणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसतील अशा आशेने आलेल्यांना दोन ढोकरी आणि एक शेकाट्या दाखवून झाल्यावर गटाची उमेद ओसरू लागली, पालक मोबाइल काढू लागले, तेव्हा मी ती खळगी दाखवली. दुरून, दहा पावलांवरून, असे ठरवले होते. पण ती अंडी दहा पावलांवरून दिसतच नाहीत, म्हणून आम्ही चार-चार जणांच्या तुकड्या करून जवळ गेलो. तुकडी मागून तुकडी. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती आणि मी तिच्याच ओरडण्याचा अर्थ मुलांना समजावून देत होते.

उन्हाळ्यात दिवसा उन्हाच्या वेळी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नसतेच, तर सावली धरण्यासाठी असते. ती पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने परत येऊन अंडी थंड करते. हे मी त्याच सकाळी, मोठ्या रसाने, सांगितले होते. सात-एक वर्षांच्या एका मुलीने ते ऐकले आणि आपली पांढरी सुती टोपी काढून विचारले, "ताई, मग टिटवी येईपर्यंत मी सावली करू का?" मी हो म्हटले. एवढेच नव्हे, सगळ्यांसमोर तिचे कौतुक केले. तिने टोपी अंड्यांवर अलगद ठेवली आणि आठ-दहा मोबाइल एकाच वेळी तिच्यावर रोखले गेले.

आठ वाजून गेले होते. बांधाकडून मेंढ्या घेऊन येणारे एक वयस्कर धनगर थांबले, आमच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ताई, तुमी समदी तिथनं हला. अन् ती टोपी काडा. तिला ती टोपी म्हंजी कोनतरी बसल्यावानी वाटतंय, ती येनार न्हाई. उनानं अंडी शिजतील." मग जरा थांबून, जणू सांत्वन म्हणून, "चार हाइत. चार म्हैने पाऊस पडल औंदा."

मी टोपी उचलली. खळगीपाशी टेकवलेल्या बोटांना खडे चांगलेच तापलेले लागले. सगळ्यांना बांधापर्यंत मागे नेले, पहिल्यांदाच आवाज चढवला. अठरा मिनिटांनी टिटवी उतरली, चालत चालत, मध्येच थांबत खळगीपाशी आली आणि बसली. आम्ही आल्यापासून ती अंड्यांवर नव्हती, तो काळ पाऊण तासाहून जास्त होता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. सहलीच्या सुरुवातीला मीच हे सांगते, बहुधा नान्नजच्या संदर्भात, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात बंदूकवाला माणूस उभा राहतो. माझ्याही मनात तोच असावा.

संध्याकाळी परत गेले, तेव्हा ती बसलेली होती. बुधवारीही. त्यानंतरच्या मंगळवारी खळगी रिकामी होती. टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांत आईबापांमागे चालू लागतात आणि टरफले मोठे पक्षी उचलून दूर टाकतात, त्यामुळे सुखरूप निघून गेलेल्या पिल्लांची खळगी आणि मुंगसाने फस्त केलेली खळगी सारखीच दिसते. मी काठाने तासभर फिरले. दोन टिटव्या ओरडत होत्या, पण त्या त्याच होत्या का, आणि पिल्लांसाठी ओरडत होत्या का, हे मला सांगता येणार नाही.

त्या मुलीच्या आईचा निरोप आला आहे, "पिल्लं झाली का, ती रोज विचारते." टोपी माझ्याच पिशवीत राहिली आहे आणि येत्या रविवारच्या स्मृती उद्यानाच्या यादीत दोघींची नावे आहेत.