तुम्ही विचारलंत म्हणून: हा फोकस किती वॅटचा?

माझ्या हातातला फोकस, म्हणजे लांबचं बघायला मी घरीच बनवलेला टॉर्च, पाहिला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती वॅटचा आहे ओ?" शेजारचे बापू विचारतात, जळालेली मोटार रिवाइंडिंगला घेऊन आलेलं गिऱ्हाईक विचारतं, सुट्टीला आलेले भाचे विचारतात. "दहा," असं सांगितलं की समोरच्याचा विश्वासच बसत नाही. ओसरीवरचा साधा एलईडी बल्ब ९ वॅटचा असतो आणि त्याच्या उजेडात अंगणापलीकडचं काही दिसत नाही. मग १० वॅटमध्ये ओढ्यापलीकडची पाण्याची टाकी, तिची शिडी आणि शिडीवर वाळत टाकलेलं कुणाचं तरी टॉवेल कसं काय दिसतं?

आता नीटच सांगतो.

वॅट म्हणजे यंत्र किती वेगाने वीज खातं त्याचा हिशोब. तारेच्या बल्बच्या काळात साठचा, शंभरचा म्हटलं की उजेडाचा अंदाज यायचा, तीच सवय अजून आहे. त्यात आमच्या धंद्यात सगळं एचपीवर चालतं. पाचची मोटार तीनच्या मोटारीपेक्षा जास्त पाणी ओढणार, यावर कुणी वाद घालत नाही. उजेड लांब फेकण्याचं मात्र तसं नाही. त्यात दोनच गोष्टी बघायच्या: उजेड जिथून निघतो तो ठिपका किती लहान आणि किती प्रखर, आणि त्याच्यासमोरचं भिंग किती मोठं.

माझ्या फोकसमधल्या एलईडीचा पिवळा ठिपका जेमतेम २ मिमी लांब, २ मिमी रुंद आहे. त्याच्यापुढे साधारण ५० मिमीवर भिंग. दोनाला पन्नासने भागा, म्हणजे झोत प्रत्येक मीटरमागे ४ सेंटिमीटर पसरतो. १०० मीटरवर ४ मीटर, ३०० मीटरवर १२ मीटर. आता त्याच भिंगामागे मांडवात लावतात तसल्या ५० वॅटच्या फ्लडलाइटची पिवळी चकती बसवून बघा. चकती २० मिमीची, म्हणजे ३०० मीटरवर झोत १२० मीटर रुंद. रुंदी दहापट वाढली की क्षेत्रफळ शंभरपट वाढतं, आणि उजेड वाढला तो फक्त चार-पाचपट. म्हणजे पाचपट वीज जाळून टाकीवर पडणारा उजेड माझ्या फोकसच्या जेमतेम विसावा हिस्सा. त्या ५० वॅटच्या दिव्यात खोट काही नाही. खळ्यावर मळणी करायची असेल तर मीही तोच लावीन. लांबचं बघायचं काम त्याचं नाही, एवढंच.

एक विचित्र गोष्ट सांगितली की लोक हसतात. माझ्या फोकसमध्ये एलईडीतून निघालेल्या उजेडाचा साधारण तिसरा हिस्साच भिंगापर्यंत पोचतो. बाकीचा आतल्या काळ्या रंगात जिरतो, आणि काळा रंग मी मुद्दाम मारलाय. पांढरा ठेवला तर तो वाया जाणारा उजेड इकडेतिकडे आपटून बाहेर येतो, जवळचं गवत उजळतं, डोळे दिपतात आणि लांबचं दिसेनासं होतं.

"जुन्या जीपचा हेडलाइट घालायचा ना, भंगारात पडलेत," हा दुसरा सल्ला. रिफ्लेक्टरचा आकार तत्त्वतः उत्तमच. आमच्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांचा आकारही हाच, पॅराबोला. अशा तीस तबकड्या आहेत. आभाळातून समांतर आलेल्या रेडिओ लहरी त्या एका बिंदूवर गोळा करतात, आणि गाडीचा रिफ्लेक्टर त्या बिंदूवरचा उजेड समांतर करून बाहेर सोडतो. अडचण आहे ती एलईडीच्या स्वभावाची. तारेचा दिवा चहूबाजूंनी उजळतो. एलईडी समोरच्या बाजूला जास्त आणि कडेला कमी फेकतो. जीपच्या उथळ रिफ्लेक्टरमध्ये एलईडी तोंड पुढे करून बसवला, तर त्याचा सगळ्यात चांगला उजेड आरशाला न शिवताच बाहेर पडतो. शिवाय जुन्या हेडलाइटच्या काचेवर उभ्या रेघा असतात त्या झोत रस्त्यावर पसरवायलाच. नव्या गाड्यांत काच साधी असते, पण आरशालाच पैलू पाडलेले. दोन्हींची घडण पसरवण्यासाठीची. म्हणून मी भिंगावर आलो: एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर, ६५ मिमीचं, काचेचं. प्लॅस्टिकचंही मिळतं, पण शेतातली धूळ दोनदा पुसली की त्याच्यावर ओरखडे.

बाकी सामान शेतकऱ्याच्या घरात असतंच. पुढचं नळकांडं ७५ मिमीच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा, भिंगाभोवती सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी. मूठ ४० मिमीच्या पाइपाची. जुन्या कॉम्प्युटरमधला ॲल्युमिनियमचा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा ठोकळा, मागच्या बाजूला, त्याच्या पात्या उघड्या हवेत. या हीटसिंकवर काटकसर करायची नाही. १० वॅटमधला निम्म्याहून जास्त भाग उष्णताच होतो, आणि ती निघते त्या २ मिमीच्या ठिपक्याखालून. वाट मिळाली नाही तर उजेड आधी मंदावतो, मग निळसर पडतो, मग संपतो. एलईडीची पाटी आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा थर पातळ हवा. लोक श्रीखंडासारखा थापतात. पेस्ट ही धातूच्या बारीक खाचा भरायला असते. धातू धातूला टेकला पाहिजे.

एलईडी, ड्रायव्हर आणि सेल तेवढे विकत आणावे लागतात. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन. ड्रायव्हर म्हणजे करंट बांधून देणारी छोटी पाटी. एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, पण व्होल्टेज जरासं वाढलं तरी करंट भसकन वाढतो, आणि एलईडी तापला की त्याच व्होल्टेजला आणखी करंट ओढतो. म्हणून सेलची तार थेट जोडायची नाही. मोटारीला स्टार्टर-पॅनलमध्ये ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) का लावता, हे ज्याला कळतं त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

सेल मी लिथियम फॉस्फेटचे घेतो, सोलर दिव्यांत असतात ते जाडजूड, ३.२ व्होल्ट, ६००० एमएएच. दोन सेल सिरीजमध्ये, मुठीच्या पाइपात एकावर एक बरोबर बसतात. दोन्ही मिळून साधारण ३८ वॅट-तास, म्हणजे ड्रायव्हरचं नुकसान धरूनही तीन तास सलग. सलग कुणी लावतच नाही, त्यामुळे आठवडा सहज निघतो. जुन्या लॅपटॉपचे सेल फुकट मिळतात, मला लोक आणूनही देतात, मी घेत नाही. ज्याचा इतिहास माहीत नाही असा लिथियमचा सेल मुठीत धरून बांधावर चालायचं मला पटत नाही. फॉस्फेटचे सेल त्या मानाने शांत, तरी बीएमएसची पाटी (सेल जास्त भरू किंवा रिकामा होऊ न देणारी) आणि फ्यूज हवाच. आणि सेलवर थेट सोल्डर मारू नका. धातूच्या पट्ट्या स्पॉट-वेल्ड केलेले, म्हणजे विजेच्या टाक्याने जोडलेले, सेल मागा, मिळतात.

सगळ्यात मजेचं काम फोकस जुळवायचं. दिवस मावळल्यावर ओट्यावर बसायचं आणि समोरच्या घराच्या भिंतीवर झोत टाकायचा. भिंग पुढे-मागे सरकवलं की आधी गोल धुरकट डाग दिसतो, मग त्याला कोपरे येतात, आणि एका क्षणी भिंतीवर स्वच्छ चौकोन उमटतो. तो एलईडीच्या चिपचा, त्या पिवळ्या ठिपक्याचाच मोठा केलेला फोटो असतो. चिपवर धुळीचा कण असेल तर तोही दिसतो. पण इथे थांबायचं नाही. भिंत वीस फुटांवर आहे आणि आपल्याला बघायचंय तीनशे मीटरवर. लांबच्यासाठी भिंग थोडं आत, एलईडीकडे घ्यावं लागतं. अर्ध्या मिलिमीटरनेही फरक पडतो. म्हणून शेवटची जुळवणी टाकीवर करायची, आणि मनासारखं झालं की एम-सीलची बोटं फिरवून टाकायची.

"एवढं करण्यापेक्षा बाजारातला का नाही घेत? पाचशेत एक लाख लुमेनवाला मिळतो." मिळतो, खोक्यावर तसं लिहिलेलंही असतं. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. वॅटमागे दीडशे लुमेन धरले, आणि हे चांगल्या एलईडीचं माप झालं, तरी एक लाखाला साडेसहाशे वॅट लागतील. ते मुठीत मावत नाहीत. अंतराचा आकडाही समजून घ्या: प्रामाणिक कंपनी लिहिते ते अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडलेल्या उजेडाचं माप) उरतो तिथपर्यंतचं, पौर्णिमेच्या चांदण्याइतका. त्या हिशोबाने माझाही कागदावर पाऊण किलोमीटरच्या पुढे जातो. कामाचं दिसतं ते तीनशे मीटर. चांगले टॉर्च बाजारात नक्कीच आहेत, ज्याला हौस नाही त्याने खुशाल घ्यावेत. मला सेल बदलता येणारा, पाइप फुटला तर दुसरा कापून बसवता येणारा हवा होता.

आणि हवा कशाला, हे आमच्या तालुक्यात कुणी विचारत नाही. कुकडीच्या धरणांचं पाणी आलं, ऊस आला, उसात बिबट्या आला, आणि आता त्याच्या पिढ्या उसातच जन्मतात. थ्री-फेज लाइट पाळी असेल तसं रात्रीची येते आणि मोटार चालू करायला जावंच लागतं. कपाळाचा हेडलॅम्प पायाखालचं बघायला, हातातला फोकस पुढची वाट बघायला. उसाच्या आत फोकस काही कामाचा नाही, पहिल्या दोन सऱ्यांवरच झोत अडतो. तिथे बोलत जायचं, मोबाईलवर गाणी लावायची, आणि शक्यतो एकट्याने जायचंच नाही.

डोळे शोधायचे असतील तर फोकस कानशिलाला लावून धरा. जनावराच्या डोळ्यातला आरसा उजेड आल्या वाटेने परत पाठवतो; फोकस कमरेशी आणि आपले डोळे वर असतील तर ती चमक आपल्याला चुकवून जाते. धुकं असलं की उलटं करायचं, हात खाली आणि लांब, नाहीतर धुक्याचीच पांढरी भिंत दिसते. चमकले डोळे म्हणजे बिबट्या नव्हे. कुत्रा, कोल्हा, मांजर, गाय, शेळी, सगळ्यांचे चमकतात, गवतातल्या कोळ्यांचेसुद्धा, हिरकणीएवढे. रानडुकराचे चमकत नाहीत. तो पिकात उभा असेल तर त्याची पाठच ओळखावी लागते. बिबट्या दिसलाच तर झोत त्याच्यावर रोखून पाठलाग करायचा नाही, ही मर्दुमकी नव्हे. जाऊ द्यायचं आणि आपण मागे फिरायचं. आणि हायवेच्या दिशेने चुकूनही मारायचा नाही. समोरच्या ड्रायव्हरला काही सेकंद काहीच दिसत नाही.

ज्यांना करायचाय त्यांच्यासाठी आणखी एकच. दिवसा हा फोकस खिडकीत तोंड बाहेर करून ठेवू नका. जो रस्ता उजेडाला बाहेर जायला तोच उन्हाला आत यायला, आणि ६५ मिमीचं भिंग सूर्याला थेट चिपवर गोळा करतं. पिवळा थर करपतो. ७५ मिमीच्या पाइपाची एंड कॅप याच पाइपावर बसते, पाइपाच्या दुकानात मिळते, ती घालून ठेवा.