परदेशी कुस्ती-वार्तापत्राची वर्गणी मुंबईतून भरताना

टीव्हीवरच्या कुस्तीची बातमी मुळात कुठून निघते हे एकदा कळलं की फुकटातले ‘ब्रेकिंग’ व्हिडिओ ऐकवत नाहीत. डेव्ह मेल्त्झरचं रेसलिंग ऑब्झर्व्हर हे वार्तापत्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून निघतंय, वेड केलरचं टॉर्च १९८७ पासून. त्यांच्या जोडीला पीडब्ल्यूइनसायडर या साइटचा माइक जॉन्सन आणि फाइटफुल सिलेक्ट या वर्गणीच्या सेवेचा शॉन रॉस सॅप. बहुतेक मोठ्या बातम्या या चार-पाच ठिकाणी पहिल्यांदा लिहिल्या जातात, बाकीचे त्या उतरवून घेतात. मुंबईत बसून यातल्या एकाची वर्गणी भरायची, एवढंच काम होतं. खातं उघडायला ई-मेल आणि पासवर्ड पुरतो. अडतं ते पैसे भरताना, आणि हेलपाटे पडतात ते आपल्याच बँकेत. माझा सगळा राग तिथलाच आहे, त्यामुळे लिहिणार आहे तेही बरंचसं तिथलंच.

आधी, पैसे का मोजायचे ते. मूळ वार्ताहर लिहितो, ‘अशी एक कल्पना चर्चेत आहे’. दुसऱ्या साइटवर तीच ‘योजना’ होते, हिंदी व्हिडिओच्या थंबनेलवर ‘कन्फर्म’, आणि परळच्या आमच्या ग्रुपवर पोचेपर्यंत तिला तारीखसुद्धा चिकटलेली असते. १० जानेवारी २०२३ ला डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीची सहप्रमुख स्टेफनी मॅकमहॉनने राजीनामा दिला आणि काही तासांत ‘डब्ल्यूडब्ल्यूई सौदी अरेबियाला विकली’ ही बातमी जगभर फिरली. ती खोटी होती. कंपनीचा सौदा झाला तो एन्डेव्हरशी, तो जाहीर झाला ३ एप्रिल २०२३ ला, आणि त्यातून टीकेओ ही नवी कंपनी त्या सप्टेंबरात उभी राहिली. अशा बातमीसाठी तर वर्गणीचीही गरज नाही. अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला असा मोठा करार केल्यावर चार कामकाजाच्या दिवसांत ‘८-के’ नावाचा फॉर्म भरावा लागतो, आणि तो एसईसी या तिथल्या बाजार नियामकाच्या एडगर या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतो. पण कुणाचा करार संपतोय, कुणाशी बोलणी चालू आहेत, रॉ या साप्ताहिक शोची संहिता दुपारी कितीदा बदलली, हे कुठल्याच सरकारी फॉर्मात येत नाही. त्यासाठी वर्गणी.

आता बँक. पैसे भरायला गेलं की स्क्रीनवर येतं: कार्ड नाकारलं, तुमच्या बँकेशी संपर्क साधा. या एका वाक्यामागे चार वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. शाखेत मात्र चारही कारणांना उत्तर एकच: “इंटरनॅशनल चालू करून देतो, चोवीस तास थांबा.” चोवीस तासांनी पुन्हा तेच. म्हणून कारण स्वतः ओळखून मगच काउंटरवर जा.

पहिलं कारण खुद्द कार्ड. पगाराच्या किंवा बचत खात्यावर मिळालेलं साधं देशांतर्गत रुपे कार्ड परदेशी साइटवर चालत नाही. काही जुन्या व्हिसा, मास्टरकार्डवरही ‘फक्त भारतात वैध’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. कार्ड उलटंपालटं करून वाचा. तसं असेल तर पुढचं काहीही करून उपयोग नाही, दुसरं कार्ड मागा.

दुसरं कारण बटणांचं. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार, १६ मार्च २०२० पासून प्रत्येक नवं किंवा बदलून आलेलं कार्ड फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल अशाच अवस्थेत मिळतं. ऑनलाइन वापर हे एक बटण आणि आंतरराष्ट्रीय वापर हे दुसरं. आपल्याला दोन्ही लागतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ती सापडतात, शाखेत जायची गरजच नाही. कार्डाची मुदत संपून नवं आलं की दोन्ही पुन्हा बंद झालेली असतात, हे लक्षात ठेवा. वर्षभर नीट चाललेली वर्गणी अचानक तुटते ती बहुतेकदा यामुळे.

तिसरं, मर्यादा. आंतरराष्ट्रीय बटण चालू केलं तरी त्याखालची रकमेची पट्टी बऱ्याच अ‍ॅपमध्ये शून्यावर किंवा अगदी खाली असते. ती वेगळी सरकवावी लागते. बटण हिरवं दिसतं, माणूस निर्धास्त होतो आणि व्यवहार पुन्हा नाकारला जातो.

आणि चौथं कारण, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला: ई-मँडेट, म्हणजे कार्डावरून ठरावीक काळाने पैसे कापायला दिलेली ऑनलाइन परवानगी. दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या चौकटीतच कापता येतात, आणि व्यापारी परदेशातला असला तरी नियम तोच. पहिल्यांदा ओटीपी देऊन मँडेट नोंदवायचं. पुढच्या प्रत्येक कपातीच्या किमान चोवीस तास आधी बँकेने तसं कळवायचं. ₹१५,००० पर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही. ही मर्यादा आधी ₹५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढली. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे. अडचण अशी की मँडेट नोंदवायला तुमची बँक आणि पलीकडच्या साइटची पेमेंट यंत्रणा, दोघीही त्या चौकटीत असाव्या लागतात. छोट्या परदेशी वार्तापत्राची यंत्रणा तशी नसेल तर एक तर पहिलाच व्यवहार पडतो, किंवा पहिला महिना जातो आणि दुसऱ्या महिन्यात वर्गणी मुकाट्याने बंद होते.

हे शाखेत सांगितलं की समोर येतो ‘ऑटो-डेबिट’चा कागद. तो भरू नका. तो एनएसीएचचा फॉर्म असतो, खात्यातून कर्जाचा हप्ता किंवा एसआयपी कापण्यासाठीचा. त्यात समोरच्या संस्थेचा युटिलिटी कोड, म्हणजे वसुलीसाठीचा नोंदणी क्रमांक, लागतो आणि अमेरिकेतल्या वार्तापत्राला तो असण्याचं कारणच नाही. कार्डावरचं ई-मँडेट आणि खात्यावरचं एनएसीएच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दादरच्या ज्या शाखेत माझं खातं आहे तिथे हा फरक पटवून देण्यात जो वेळ गेला, त्याचा संताप अजून उतरलेला नाही. टोकन घ्या, थांबा, नंबर लागला की “सिस्टीममध्ये सगळं अ‍ॅक्टिव्ह दिसतंय सर” ऐका, आणि कस्टमर केअरचा नंबर घेऊन बाहेर या. कस्टमर केअर सांगतं, “असा व्यवहार आमच्याकडे आलेलाच नाही, शाखेत जा.” दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नसतं. प्रश्न कुठे आहे ते पाहायची जबाबदारी मात्र कुणी घेत नाही.

‘व्यवहार आलाच नाही’ हे वाक्य खरं तर कामाचं आहे. नकार आल्यावर मोबाइलवरचा एसएमएस पाहा. आंतरराष्ट्रीय वापर बंद असल्याचा किंवा मर्यादा ओलांडल्याचा एसएमएस आला तर कारण दुसरं किंवा तिसरं, दोन मिनिटांत सुटतं. ओटीपीचं पान उघडलं, ओटीपी बरोबर घातला आणि तरीही नकार आला, तर मर्यादा तपासा आणि मग मँडेटवर संशय घ्या. एसएमएसच आला नाही तर व्यवहार बहुधा बँकेपर्यंत पोचायच्या आधीच पलीकडे अडवला गेलाय. अशा वेळी शाखेत घातलेला प्रत्येक तास फुकट, वार्तापत्राच्या मदत-विभागाला ई-मेल करा. आणि मँडेट नोंदलं गेलं की नाही हे बँकेच्या अ‍ॅपमधल्या ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शनच्या यादीत दिसतं. बऱ्याच बँकांची ही यादी बिलडेस्क या पेमेंट कंपनीच्या ‘एसआय हब’ या साइटवर असते. तिथे वार्तापत्राचं नाव नसेल तर पुढच्या महिन्याची आशा धरू नका.

काउंटरवर बोलण्यापेक्षा लेखी विचारलेलं बरं, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. बँकेच्या तक्रार विभागाला ई-मेल करा आणि त्यात चार गोष्टी घाला: व्यवहाराची तारीख आणि वेळ, डॉलरमधली रक्कम, पेमेंटच्या पानावर दिसलेलं व्यापाऱ्याचं नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे. पूर्ण नंबर कधीही नाही. प्रश्न एकच विचारा: हा व्यवहार कोणत्या कारणाने नाकारला गेला? लेखी प्रश्नाला तक्रार क्रमांक मिळतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली त्यांच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते, फुकट. आधी बँकेकडे गेल्याचा पुरावा मात्र लागतो, तो म्हणजे हाच ई-मेल. मला नेमकं उत्तर मिळालं ते या रस्त्यानेच: कार्ड ठीक, बटणं ठीक, मर्यादा ठीक, पलीकडून मँडेटच येत नाही. एवढं एक वाक्य पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगता आलं असतं.

उपाय मग सोपा निघाला: महिन्याची वर्गणी सोडा, वर्षाची घ्या. एकदाच ओटीपी, एकदाच पैसे, बारा महिने कटकट नाही. पुढच्या वर्षी आपोआप नूतनीकरण झालं नाही तर पुन्हा हाताने भरायचं. ज्या साइटवर ‘गिफ्ट’ वर्गणीची सोय आहे तिथे तर आणखी बरं, कारण ती एकरकमीच असते आणि मँडेटचा प्रश्नच येत नाही. स्वतःच्याच दुसऱ्या ई-मेलवर पाठवायची. आयफोन असेल आणि वार्तापत्र अ‍ॅपमधून वर्गणी घेत असेल तर पैसे अ‍ॅपलला रुपयांत, यूपीआयने जातात. किंमत तिथे बहुतेकदा चढी असते, पण बँकेचं तोंड बघावं लागत नाही.

पेमेंटच्या पानावर ‘रुपयांत भरा की डॉलरमध्ये’ असं विचारलं तर डॉलर निवडा. रुपये निवडले की दर समोरचा ठरवतो आणि तो बहुतेकदा महाग पडतो. डॉलरमध्ये भरलं तर आपली बँक परकीय चलनाचं शुल्क लावते, बऱ्याच साध्या क्रेडिट कार्डांवर ते साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे शंभर रुपयांमागे सव्वाचार रुपयांच्या आत. पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले असले तरी परदेशात पैसे पाठवायला ते चालतं. तिथेही चलन बदलायचं काम पेपॅलकडे न देता कार्डाच्या बँकेकडे द्या, तसा पर्याय पैसे भरायच्या आधीच्या पानावर असतो.

वर्गणी मिळाल्यावर वाचायचं कसं, तेही थोडं. डब्ल्यूडब्ल्यूईच्या मुख्य रोस्टरवरून, म्हणजे मुख्य चमूतून, सोडलेल्या कुस्तीगिरावर साधारण ९० दिवसांची बंदी असते, तोवर तो दुसऱ्या कंपनीत उतरू शकत नाही. एनएक्सटी या नवोदितांच्या शोमध्ये ती ३० दिवसांची. जिंदर महल या कुस्तीगिराला १९ एप्रिल २०२४ ला सोडलं. ९० दिवस मोजले की १८ जुलै येतो. त्याआधी तो अमक्या शोमध्ये दिसणार असं कुणी म्हटलं की ती अफवा तिथेच खोडता येते. हिशोब उलट्या दिशेनेही लागतो. १५ एप्रिल २०२० ला डब्ल्यूडब्ल्यूईने एका झटक्यात कितीतरी जणांना काढलं, त्यांचे ९० दिवस १४ जुलैला संपत होते, आणि इम्पॅक्ट या दुसऱ्या कुस्ती कंपनीचा स्लॅमिव्हर्सरी हा शो १८ जुलैला होता. काढलेल्यांपैकी गुड ब्रदर्स ही जोडी आणि एरिक यंग तिथेच उतरले. ट्रेडमार्कच्या अर्जाची बातमी मात्र नेहमी सावकाश घ्या. नावाचा अर्ज केला म्हणजे पुनरागमन ठरलं असं नाही, नाव फक्त राखून ठेवलंय.

पैसे भरले म्हणून सगळंच आधी कळेल असंही धरू नका. एईडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीने २ सप्टेंबर २०२३ ला काढलेला कुस्तीगीर सीएम पंक २५ नोव्हेंबरला शिकागोजवळ झालेल्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या सर्व्हायव्हर सिरीज या शोमध्ये आला, तेव्हा शेवटपर्यंत डब्ल्यूडब्ल्यूईकडून नकारच मिळत होता आणि चांगले वार्ताहर तो नकारच छापत होते. चांगल्या वार्तापत्राची ओळख इथे पटते: ते ‘डब्ल्यूडब्ल्यूईतले लोक नाही म्हणतात’ असं लिहितं, ‘तो येणार नाही’ असं नाही. वाचताना ही वाक्यरचना सांभाळा आणि ग्रुपवर टाकतानाही तीच ठेवा.

१ एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे डब्ल्यूडब्ल्यूई नेटफ्लिक्सवर आहे आणि रॉ मंगळवारी सकाळी थेट दिसतो, तेव्हा त्याच्या विश्लेषणाचा ऑडिओ आपल्याला दुपारपर्यंत मिळायला हरकत नाही. वर्गणीदाराला खासगी ऑडिओ फीडची लिंक मिळते. ती पॉडकास्ट अ‍ॅपमध्ये घाला आणि भाग घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. ती लिंक प्रत्येकाची वेगळी असते. चारचौघांत वाटली तर बंद केली जाते, आणि ती पुन्हा मिळवायला परदेशातल्या मदत-विभागाशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं.