तुम्ही विचारलंत म्हणून: असा मोठा कुत्रा घ्यावा का?

इंदूरच्या रामबागेत बंडूला घेऊन खाली उतरले की दोनच प्रश्न येतात. पहिला हिंदीत आणि चार पावलं लांबून: "आंटी, काटता है क्या?" दुसरा मराठीत, जवळ येऊन: "वहिनी, आमच्या मुलीनं असाच मोठा मिक्स घ्यायचा हट्ट धरलाय. घ्यावा का हो?" पहिल्याला मी "नहीं बेटा" म्हणते. ते पूर्ण खरं नाही, त्यावर पुढे येईन. दुसऱ्याला आजवर "बघा बुवा" म्हणून टाळत आले. आता एकदाचं सांगून टाकते.

बंडूची आई जर्मन शेफर्ड. बाप लॅब्राडोर होता, असं पिल्लू देणारा म्हणाला. तो लॅब आम्ही काही पाहिला नाही. बाप ऐकीव म्हटल्यावर पिल्लू किती वाढणार, कसं वागणार, म्हातारपणी कशानं आजारी पडणार, सगळंच ऐकीव. आज बंडू 44 किलोचा आहे. मोठं जनावर म्हणजे खाणं जास्त, एवढंच लोक धरून चालतात. पण औषधही वजनावर असतं. जंताची गोळी दहा किलोला एक, म्हणजे साडेचार गोळ्या तुपाच्या पोळीत लपवायच्या, आणि तो पोळी खाऊन गोळ्या नीट वेगळ्या काढून ठेवतो.

वाढीच्या वयात जो तो कॅल्शियमचं सिरप सुचवायचा. आमच्या डॉक्टरांनी ते बंद केलं. मोठ्या चणीच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम शोषणं थांबवता येत नाही, हाडं बिघडतात. त्याला सावकाशच वाढू द्यायचं. हे घेण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

उलट तेव्हा मीच सगळ्यांना सांगत सुटले होते, "मिक्स म्हणजे काटक हो, प्युअर ब्रीडची दुखणी त्याला नसतात." आई-बाप वेगळ्या जातीचे असले की काही आनुवंशिक आजार टळतात, हे खरंच आहे. पण दोघंही मोठे, दोघांच्याही जातीत खुब्याच्या सांध्याचं दुखणं, तर पिल्लाला ते कुठून चुकणार? आणि खोल छाती आली की पोटाला पीळ पडण्याची भीती आलीच. त्या वेळची मी यावर म्हणेल, "मग काय, आणायचाच नाही?" तिला अजून उत्तर देता आलेलं नाही.

थंडीचे दिवस होते. रात्री नऊला बंडू नेहमीसारखा जेवला. एकच्या सुमाराला नखांचा आवाज यायला लागला, या खोलीतून त्या खोलीत, बसेना. मान खाली घालून उलटी काढायला बघायचा, आणि पडायचा नुसता पांढरा फेस. सासूबाईंनी तान्ह्या बाळाला लावतात तसा हिंग कालवून आणला. मी पोटावर टिचकी मारली, तर डग्ग्यासारखा आवाज आला. डॉक्टरांनी फोन उचलला, हे आमचं नशीब. म्हणाले, "घरी काही देऊ नका, वेळही घालवू नका, निघा." पोटात वायू भरतो, पोट स्वतःभोवती फिरतं, दोन्ही तोंडं बंद होतात आणि रक्तपुरवठा तुटतो. मग सकाळची वाट बघायची सोय नसते.

आता निघा म्हणजे कसं? दुसरा मजला, लिफ्ट नाही, मुलगा पुण्यात. ह्यांची कंबर धरलेली. 44 किलोचं, दुखण्यानं वेडं झालेलं जनावर उचलणार कोण? पहिला कॅबवाला कुत्रा म्हटल्याबरोबर फोन ठेवून मोकळा झाला. दुसरा दारापर्यंत आला, वर मान करून बंडूचं भुंकणं ऐकलं आणि गेला. त्यांनाही दोष देववत नाही. शेवटी खालच्या केटररची पोरं लग्नाहून परतून छोटा हत्तीतून पातेली उतरवत होती, ती वर आली. जाजमाच्या चार टोकांना चौघं, डोक्याशी हे. पहिल्याच वळणावर बंडूनं ह्यांच्या मनगटाला दात लावले. लहानपणापासून हातातला घास हळूच घेणारा कुत्रा. तर हो, चावतो.

पातेल्यांच्या जागी बंडू, शेजारी मी. राजवाड्यापाशी गाडी अडकली, कारण सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री दीड वाजता अख्खं शहर गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला उभं! कुणीतरी आत डोकावून म्हणालं, "भिया, शेर है क्या?" मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही.

डॉक्टरांनी आधी सुईनं वायू काढला, मग एक्स-रे. म्हणाले, ऑपरेशन केलं तरी वाचेल याची खात्री नाही, नाही केलं तर नक्की जाईल. खर्च पन्नास हजारांच्या वर. हे मनगटाला रुमाल गुंडाळून उभे होते. हळूच म्हणाले, "सोडवूया का त्याला?" मी कागदावर सही केली. ह्यांना उत्तर दिलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पोट सरळ केलं, काळी पडलेली प्लीहा काढली, आणि पुन्हा पीळ पडू नये म्हणून पोट आतून बरगडीमागच्या भिंतीला शिवून टाकलं. ह्यांना मात्र रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली. तिथल्या बाईंनी विचारलं, "किसका कुत्ता था?" हे म्हणाले, "अपनाही."

सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशांत अन्नपूर्णेच्या देवळात शंभर पानं उठली असती." मी फणकाऱ्यानं म्हटलं, "गाडीच्या दुरुस्तीला असं कधी म्हणाला नाहीत." पण त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

बाकीचं थोडक्यात. जेवण दोनदा विभागून द्या. भांडं उंच स्टँडवर ठेवा असं सांगणारे भेटतील. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात मोठ्या कुत्र्यांत उंच भांड्यानं धोका वाढलेला दिसला, आम्ही ते काढून टाकलं. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुपालन खात्याचं 23 'हिंस्र' जातींवर बंदी घालण्याबद्दलचं पत्र निघालं, त्यात रॉटवायलर होता आणि या जातींचे मिश्र कुत्रेही. लगेच शेजाऱ्यांचं सुरू, "तुमचा काळा-तांबडा आहे, त्यात रॉटवायलर नाही कशावरून?" नाही हे कशानं दाखवणार? एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. ती बातमी मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही.

हे म्हणतात, पुढचा दहा किलोच्या आतला. मी म्हणते, पुढचा नाहीच. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नाही.

बंडूचे खुबे आता गेलेत. जिन्यावर पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरावा लागतो, दिवसातून तीनदा. तुमच्या मुलीला घेऊन या, पण दुपारी चहाला नको, संध्याकाळी सातला या. टॉवेलचं एक टोक तिच्या हातात देते.