पुदिन्याला आवर घालताना

पुदिना वाफ्याबाहेर डोकावला की हात आपोआप कोंबाकडे जातो. मी मात्र उपटायच्या आधी एका कडेची माती खुरप्याने हळूच बाजूला केली. तो कुठून पुढे सरकतोय ते मला पाहायचं होतं. फार खोल जावंच लागलं नाही. वरच्या थरातच पांढरट खोडं आडवी पसरली होती, प्रत्येक पेराला डोळा आणि बारीक मुळांचा झुबका. असं एक आडवं धावणारं खोड, म्हणजे रनर, तर शेजारच्या ओरेगॅनोच्या बुडातून आरपार जाऊन पलीकडे वर आला होता.

ही मुळं नसून खोडं आहेत हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. वरून ओढलं की खोड पेरापाशी तुटतं आणि मातीत राहिलेल्या बोटभर तुकड्यातून नवं रोप उभं राहतं. कुदळीने घाव घालत खणलं तरी तेच, फक्त तुकडे जास्त. म्हणून आदल्या संध्याकाळी वाफ्याला पाणी दिलं आणि सकाळी भुसभुशीत मातीत बाहेरून आत असं काम सुरू केलं. दात्यांच्या फावड्याने माती उचलायची, रनर दिसला की त्याच्या टोकापर्यंत बोटांनी जायचं, मग अखंड काढायचा. काम संथ आहे, पण मला ते मनापासून आवडलं. ओरेगॅनोच्या मुळांत शिरलेला भाग तसा निघेना, तेव्हा ओरेगॅनोच उचलला, मुळं धुऊन पांढरे धागे वेगळे केले आणि परत लावला.

निघालेला ढीग थेट कंपोस्टमध्ये टाकू नये. तिथल्या ओलाव्यात तो पुन्हा फुटतो. मी तो उन्हात प्लॅस्टिकवर पसरून कडकडीत वाळवला. एवढं करूनही काही कोंब वर येतातच. ते लहान असतानाच काढत राहायचं, म्हणजे पानांनी तयार केलेलं अन्न खाली साठायला वेळ मिळत नाही. औषध मारायचा विचार मी केला नाही. ज्या मातीतली पानं तोडून खायची, तिथे ते मला पटत नाही.

मग पुदिन्याला त्याची जागा करून दिली. बूड कापलेली, साधारण ३० सेंटीमीटर खोल बादली जमिनीत पुरली आणि तिचा काठ मातीच्या वर चार-पाच सेंटीमीटर ठेवला. बूड नसल्याने पाणी साचत नाही, आणि रनर उथळ धावत असल्याने एवढी खोली सहसा पुरते. खरी राखण काठाची करावी लागते. आच्छादन घालता घालता माती चढते, काठ बुजतो आणि रनर वरून उतरून जातो. कुंडीत लावला तर कुंडी विटांवर ठेवावी, नाहीतर खालच्या भोकांतून तो जमीन गाठतो.

कोंडलेल्या पुदिन्याची मला काळजीही वाटते. बाहेर पसरताना त्याला ताजी माती मिळत असते. बादलीत ती मिळत नाही, म्हणून मधला भाग विरळ होतो आणि सगळी वाढ कडेला जाते. दर एक-दोन वर्षांनी सगळा काढून, कडेचे तजेलदार तुकडे नव्या मातीत लावले की पानं पुन्हा भरघोस येतात.

वाफ्यातल्या बाकीच्या झाडांसाठी इतका खटाटोप लागला नाही. ओरेगॅनोच्या फांद्या मातीला टेकल्या की तिथे मुळं धरतात. फुलून गेल्यावर भोवतीने छाटणी केली की पुरे. पसरणारा थाईम सावकाश वाढतो, त्याला मी खुशाल जाऊ देते. लिंबाच्या वासाच्या पानांच्या लेमन बामची गोष्ट वेगळी. त्याचं बेट रुंदावतं, पण दूरवर उगवतो तो बियांमुळे. तिथे बादली काय करणार? फुलोरा धरायच्या आत शेंडे कापावे लागतात. तुळसही बियांनीच सगळीकडे उगवते, पण तिची रोपं अलगद निघतात.

मंडूकपर्णी जमिनीवरूनच धावते आणि पेरापेराला रुजते. ती मी पसरट कुंडीत ठेवली आहे. काठावरून लोंबणारे रनर मातीला टेकण्याआधी कात्रीने कापते आणि पानं वापरून टाकते.