अंगठा कोणता, डावा की उजवा?

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लेख मागणारं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या मराठीच्या बाई. कोणत्या बाई, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. मैदान, स्नेहसंमेलनं, निकाल यांवर इतर मंडळी लिहितीलच. इथे फक्त बाईंचा निबंधाचा तास. घरातल्या एका साध्या प्रसंगावरून समाजाबद्दल कसं बोलावं, हे इतकं नेमकं शिकवणारं दुसरं कोणी भेटलं नाही.

आठवी ब मधल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'माझी आजी कागदावर अंगठा लावते. निरक्षरता हा समाजाला लागलेला शाप आहे.' बाईंनी दुसरं वाक्य खोडलं आणि पहिल्यासमोर समासात पेन्सिलीने पाच प्रश्न लिहिले. अंगठा कोणता, डावा की उजवा? शाई कोणी लावली? हात कोणी धरला? तेव्हा कोण काय बोललं? शाई नंतर कुठे पुसली?

मुलगी घरी विचारून आली. आठ दिवसांनी वहीत असं होतं : अंगठा डावा. कारकुनाने वडिलांना 'इथे सही करा' म्हटलं. आजीला तो काहीच बोलला नाही. तिचं मनगट धरून अंगठा पॅडवर टेकवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला आणि कागदावर दाबला. आजीने उरलेली शाई केसांना पुसली. व्यवहाराचा आकडा तिनेच तोंडी सांगितला होता आणि तो बरोबर निघाला होता.

निरक्षर माणसाचा हात न विचारता धरता येतो, असं त्या मजकुरात कुठेही लिहिलेलं नव्हतं. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत ते पोचलं.

बाईंची रीत ठरलेली होती. प्रसंग त्याच दिवशी उतरवायचा, पाऊण पानात, विशेषणांशिवाय. मग जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं त्याखाली सरळ रेघ. जे अंदाजाने लिहिलं त्याखाली नागमोडी. नागमोडी रेघा जास्त झाल्या की वही परत. त्यानंतर तिथे हजर असलेल्या आणखी एकाला विचारायचं. त्याची आठवण वेगळी निघाली तर तीही लिहायची, आपली रेटायची नाही. मग ओळखीच्या तीन घरांत चौकशी : तुमच्याकडेही असंच घडतं का? एखाद्या घरात उलटं घडत असेल तर ते गाळायला सक्त मनाई. एवढं झाल्यावर 'मी' सोडून 'आपण' म्हणायचं, तेही जास्तीत जास्त दोन वाक्यांत.

'मी'वरून 'आपण'वर कधी जायचं, यासाठी बाई समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1959 साली मांडलेलं उदाहरण देत. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर ती त्याची खासगी अडचण. तिथे त्याचा स्वभाव, त्याचं कसब पाहावं. पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर प्रश्न सगळ्या समाजाच्या घडणीचा. तीन घरांची चौकशी ही त्याचीच शाळकरी आवृत्ती. तीन घरांवरून सिद्ध काहीच होत नाही, पण आपलं घर म्हणजे जग नव्हे, एवढं तेराव्या वर्षी कळतं, आणि हे फार मोलाचं आहे.

'त्याच दिवशी लिहा' हा आग्रह का, हे त्यांनी प्रयोगानेच दाखवलं. पहिल्या बाकावरच्या मुलाला एक अनोळखी गोष्ट वाचायला दिली; त्याने ती दुसऱ्याच्या कानात सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. शेवटच्या बाकावर गोष्ट निम्मी उरली आणि तिच्यातलं जे जे परकं होतं ते ओळखीचं होऊन बसलं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांना 1932 च्या ग्रंथातल्या प्रयोगांत हेच आढळलं होतं. त्यांच्या गोष्टीतल्या लांबट होड्या पुन्हा सांगताना साध्या नावा होत गेल्या. घरोघरी वर्षानुवर्षं सांगितलेले किस्से असेच घासून गुळगुळीत झालेले असतात. ऐकायला गोड, पण समाजाबद्दल काही सांगायला कुचकामी, कारण खटकणारा बारकावाच गळून गेलेला असतो.

निबंध फसायचे ते ठरावीक ठिकाणी. निष्कर्ष आधी ठरवून त्याला शोभेलसा प्रसंग शोधला की प्रसंगातली माणसं कळसूत्री होतात. लिहिणारा स्वतःच शहाणा ठरू लागला की बाकीचे आपोआप मूर्ख ठरतात. 'आजकाल', 'लोक', 'समाज' हे तीन शब्द पहिल्या पानावर दिसले की बाई त्यांना गोल करत आणि वर लिहीत, 'कोण?'

मुक्ता साळवेबद्दलही पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली ही विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. बाळंत होणाऱ्या बायकांच्या घरावर छप्परही नसतं, हे ती सांगते; मग थंडी, पाऊस, वाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील, याचा विचार वाचणाऱ्याला स्वतःच्या अनुभवावरून करायला लावते. बाई इथे खडू खाली ठेवत. शाळेत जाणाऱ्या मुलीने हे लिहिलं, एवढंच म्हणत आणि पुढचा तास होईपर्यंत खिडकीशी उभ्या राहत.

आता निबंध तयार मिळतो. प्रस्तावना, फायदे, तोटे, उपसंहार. मार्कही मिळतात. समासातले प्रश्न मात्र कोणी लिहीत नाही, कारण पन्नास वह्यांत पाच-पाच प्रश्न लिहायचे म्हणजे अडीचशे प्रश्न, आणि ते बाई रविवारी घरी बसून लिहीत. त्याचं ऋण कशानेही फिटायचं नाही.

एक गोष्ट राहिली. आजीचा तो निबंध वर्गात वाचण्याआधी बाईंनी मुलीला पुन्हा घरी धाडलं होतं, आजीला तो वाचून दाखवायला. आजीने ऐकून एकच दुरुस्ती सुचवली : आकडा तिने दोनदा सांगितला होता, पहिल्यांदा कोणी ऐकला नव्हता. ती ओळ घातल्यावरच वाचन झालं. बाईंच्या कपाटात अशा वह्या अजून असतील तर महोत्सव समितीने त्या जरूर प्रदर्शनात मांडाव्यात, नावं झाकून आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या घरी विचारून.