ताप नव्हता, म्हणून आम्ही थांबलो

आईला न्युमोनिया झाला तेव्हा तिला ताप नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमचे चार दिवस त्या एका गोष्टीपायी गेले.

गेल्या कार्तिकातलं हे. आई वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी दादा-वहिनीकडे असते. वय ७४, बारा वर्षांपासून साखर. मी पुण्यात. रोज रात्री आठला फोन ठरलेला. सोमवारी वहिनी म्हणाली, "आईंनी आज भाकरी अर्धीच खाल्ली." मंगळवारी आई तुळशीला पाणी घालायला उठली नाही. खोकला होता, पण थंडी पडली की तो तिला दरवर्षीच लागतो. थर्मामीटर लावला तर ९८. मीच फोनवर म्हटलं, "ताप नाही ना, मग हवा बदललीय. सुंठ-गुळाची गोळी दे." बुधवारी गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईनची एक बाटली लावली, एक इंजेक्शन दिलं. त्यांनी छाती तपासली होती का, ते दादाला आठवत नाही. आम्हीही विचारलं नाही.

गुरुवारी रात्री अकराला परत फोन वाजला. आई अंथरुणावर उठून बसली होती आणि विचारत होती, "म्हस बांधली का? रेडकू पाजलं का?" आमची शेवटची म्हैस विकून नऊ वर्षं झाली. दादाला वाटलं, वयोमानाने होतं असं. पण वहिनीचं लक्ष आईच्या पदराकडे गेलं. पदर भराभर वर-खाली होत होता.

वहिनी आशाताई आहे. गावातल्या बाळंतिणींकडे जाऊन बाळांचे श्वास मोजणं हे तिचं रोजचं काम. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याला ५०, पाच वर्षांपर्यंतच्याला ४० झाले की बाळाला दवाखान्यात पाठवायचं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. तिने मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि आईचे श्वास मोजले. ३४ भरले. "ताई, आधी मला ३४ कमीच वाटले," ती नंतर म्हणाली. "लेकरांचेच आकडे डोक्यात. मग एकदम आठवलं, मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात." कोविडच्या काळातला ऑक्सिमीटर कपाटातून काढला, सेल बदलले, आईची गार बोटं हातात धरून ऊब दिली आणि लावला. ८७.

१०८ला फोन गेला. गाडी आली, ऑक्सिजन लावला, तालुक्याला नेलं आणि तिथून सांगलीला. मी मध्यरात्री पुण्याहून निघाले, पहाटे पाचला पोचले. आई कॉटवर अर्धवट बसती, तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. नखं निळसर.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांनी घाई केली नाही. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून आम्हाला दाखवला. डावीकडचं फुप्फुस काळं, म्हणजे हवा भरलेलं. उजवीकडे खाली मात्र ढग उतरावा तसा पांढरा डाग. "तुम्ही द्राक्षपट्ट्यातले, म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "फुप्फुस म्हणजे घड समजा. प्रत्येक मणी म्हणजे हवेची बारीक पिशवी. जंतुसंसर्गाने त्या भागातले मणी हवेऐवजी पू आणि पाण्याने भरलेत. तिथून रक्तात ऑक्सिजन जाणार कसा?" मग राहिलेल्या फुप्फुसाला जास्त राबावं लागतं, म्हणून श्वास भराभर. आणि मेंदूला ऑक्सिजन कमी, वर अंगात संसर्ग, म्हणून ती म्हैस.

मी विचारलं, ताप कसा नाही? ताप हे शरीर जंतूंशी लढत असल्याचं लक्षण, आणि वय झालं, त्यात साखर असली, की ती लढाई मंद चालते. तरुण माणसाला हुडहुडी भरून ताप येतो, श्वास घेताना बरगडीखाली सुई टोचल्यासारखं दुखतं, गंजाच्या रंगाचा बेडका पडतो. म्हाताऱ्या माणसाचं तसं असेलच असं नाही. जेवण सुटतं, गुंगी येते, माणूस असंबद्ध बोलतं, चालता चालता पडतं. कधी अंग उलट नेहमीपेक्षा गारच लागतं. आईचं यातलं जवळजवळ सगळं सोमवारपासून आमच्या डोळ्यांसमोर होतं. आम्ही थर्मामीटर बघत बसलो.

त्यांनी पाच गोष्टी तपासून आजाराचा जोर ठरवला: भान आहे का, रक्तातलं युरिया किती, श्वास ३० किंवा जास्त आहेत का, बीपी उतरलंय का, वय ६५ किंवा पुढे आहे का. आईचे पाचापैकी तीन गुण भरले. एक-दोन रात्री अतिदक्षता विभागात ठेवावं लागेल म्हणाल्या. दादाचा चेहरा पडला. आमच्याकडे आयसीयू म्हणजे माणूस गेलंच, असं धरून चालतात. ऑक्सिजन लावला तरी बायका डोळ्याला पदर लावतात. ऑक्सिजन तर औषधाचा परिणाम होईपर्यंत तिला तगवून धरण्यासाठी होता, हे मला चुलतीला तीनदा समजवावं लागलं.

बेडका तपासायला हवा होता. पहाटे, चूळ भरून, खोलवरून खोकून काढलेला. थुंकी चालत नाही. आईला तेवढी ताकद कुठली? नर्सताईंनी वाफ दिली, पाठीवर ओंजळीने थापटलं, तेव्हा कुठे थोडा पडला. आपल्याकडे टीबीही असाच न्युमोनियासारखा दिसू शकतो, म्हणून ती तपासणी झाली. टीबी नव्हता. कोणता जंतू ते मात्र कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, सापडलं नाही, आणि असं पुष्कळदा होतं म्हणे. त्यासाठी औषध अडत नाही. नेहमी आढळणारा न्युमोकॉकस आणि त्याच्या भाऊबंदांना लागू पडतील अशी दोन अँटिबायोटिक्स, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन, पहिल्या तासाभरातच शिरेतून सुरू केली होती. साखर ३८०वर गेली होती; संसर्गात ती चढतेच. चार दिवस इन्सुलिन चालू राहिलं.

झाला कशाने? "भिजली असेल, गार पाण्याने डोकं धुतलं असेल," असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता. नुसत्या थंडीने न्युमोनिया होत नाही, जंतू लागतो. दोन आठवड्यांपूर्वी दादाच्या नातवाला फ्लूसारखी सर्दी झाली, मग घरात सगळ्यांना, आईलाही. अशा सर्दीने श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलवटतं आणि एरवी नाका-घशात गुपचूप बसणारे जंतू खाली उतरतात. त्यात साखर, वय, आणि पन्नास वर्षं चुलीचा धूर. गॅस येऊनही आंघोळीचं पाणी आई चुलीवरच तापवायची. शिवाय गुंगीत असताना तिला निजल्या निजल्या चमच्याने पेज पाजली होती. ती श्वासनलिकेत जाऊ शकते, हे आमच्या गावीही नव्हतं. आता तिला बसवूनच खायला घालायचं, पाणीसुद्धा, असा डॉक्टरीणबाईंनी दम दिला.

छातीत पाणी झालंय का, हाही प्रश्न घरून सारखा येत होता. तर मण्यांच्या आत पाणी भरतं तो न्युमोनिया, आणि फुप्फुसाच्या बाहेर, आवरणात साठतं ते छातीतलं पाणी. न्युमोनियामुळे तेही कधी कधी साठतं. आईच्या सोनोग्राफीत किंचित दिसलं. सुई घालून काढण्याइतकं नव्हतं, ते आपोआप जिरलं.

दुसरी रात्र सगळ्यात वाईट गेली. आई मास्क ओढून काढायची, मला "अक्का" म्हणायची. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, जाऊन वीस वर्षं झाली. "अक्का, मला घरी ने गं." मी हात धरून बसले होते आणि मला रडूही येत नव्हतं. रात्रपाळीच्या नर्सताई म्हणाल्या, त्यांचा चष्मा कुठाय? चष्मा घरीच राहिला होता. सकाळी दादाने आणला. खिडकीजवळची कॉट मिळाली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी तिला दर थोड्या वेळाने सांगत राहिले: आई, आज रविवार, आपण सांगलीत आहोत, मी तुझी लेक. गर्दी बंद केली, एका वेळी घरचं एकच माणूस. सोमवारी सकाळी तिने डोळे उघडले, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "सांगली हाय व्हय ही? ऊस गेला का आपला?" श्वास मोजले, २४.

पाचव्या दिवशी इंजेक्शनं थांबून गोळ्या सुरू झाल्या. आणि तिच्या हातात आलं ते तीन चेंडूंचं खेळणं: स्पायरोमीटर. प्लॅस्टिकच्या तीन नळकांड्यांत तीन हलके चेंडू, एक नळी. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची, की चेंडू वर चढतात. आजारात फुप्फुसाचे मिटलेले कोपरे त्याने उघडतात. आईने नळी धरली आणि फुंकली. चेंडू जागचे हलले नाहीत. परत फुंकली. तिच्या हाताला पन्नास वर्षांची फुंकणीची सवय. नळी तोंडाला लागली की हवा बाहेरच जायची. मी सांगितलं, वहिनीने करून दाखवलं, तरी तेच. शेवटी दादा म्हणाला, "आई, रसवंतीवर नळीनं रस पितीस ना, तसं वड." तिने गाल आत घेऊन ओढलं आणि पहिला चेंडू थरथरत वर गेला, क्षणभर टेकला, खाली आला. आई माझ्याकडे बघून हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. त्यावर ६०० लिहिलं होतं, दुसऱ्यावर ९००, तिसऱ्यावर १२००. आठव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा ती दुसऱ्यापर्यंत पोचली होती.

घरी आल्यावर सगळं संपलं असं मला वाटलं होतं. तसं नसतं. महिनाभर ती ओसरीतून न्हाणीपर्यंत जाऊन धापा टाकायची, दुपारी तासन् तास झोपायची. चुलती म्हणाली, आता बरी झाली, त्या गोळ्या गरम पडतात, बंद करा. गोळ्या दिलेल्या दिवसापर्यंत पुऱ्या केल्या. खोकला पाचव्या-सहाव्या आठवड्यात गेला. थकवा जायला तीन महिने लागू शकतात, काहींना सहा, असं आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही धीर धरला. सहा आठवड्यांनी परत एक्स-रे काढला. माणूस सुधारतं तरी एक्स-रेवरचा डाग मागे रेंगाळतो, आणि तो गेलाच नाही तर त्याखाली दुसरं काही, गाठ वगैरे, नाही ना हे बघावं लागतं. आईचा डाग पुसला गेला होता.

त्याच दिवशी तिला न्युमोकॉकसची लस दिली. फ्लूची दरवर्षी घ्यायचीय. मोठ्या माणसांना न्युमोकॉकसची लस विकत घ्यावी लागते आणि ती स्वस्त नाही. लहान बाळांना मात्र सरकारी लसीकरणात फुकट मिळते. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर सुरू झालेली पीसीव्ही, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना. दादाच्या नातवाच्या कार्डावर तिन्ही खुणा आहेत, वहिनीने स्वतः बघितल्यात. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं आम्ही तिच्या साखरेच्या गोळ्या आणत राहिलो, लसीचं विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

वहिनीच्या मनाला ते फार लागलंय. "दारोदार जाऊन लेकरांचे श्वास मोजते, आणि घरात सासूबाईंचे चार दिवस मोजले नाहीत." मी तिला सांगते, मोजले तेही तूच. तिच्या प्रशिक्षणात तिला सांगितलं होतं की श्वास मोजायची ही रीत आपल्या गडचिरोलीत रुजली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी गावातल्याच माणसांना आणि दायांना बाळांचा न्युमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. आकडे न येणाऱ्या दायांसाठी मणी सरकवत श्वास मोजायचं साधन केलं. बालमृत्यू कमी झाल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. एक मिनिट आणि दोन डोळे एवढंच लागतं श्वास मोजायला. माणूस शांत बसलेलं किंवा निजलेलं हवं, आणि आपण मोजतोय हे त्याला सांगायचं नाही, नाहीतर ते श्वास बदलून घेतं.

आईला त्या चार दिवसांतलं काहीच आठवत नाही. म्हशीचंही नाही. चुलीवरचं पाणी बंद झालंय, दादाने बिनधुराचा बंब बसवला, तिला तो आवडत नाही. रात्री आठचा फोन चालूच आहे. "जेवली का" हे मी अजून विचारते, आणि मग वहिनीला विचारते. आई टीव्हीसमोर बसलेली असते, वहिनी मागून मिनिट लावते. काल १८ होते.